दोन तास दहा मिनिटं

"घड्याळ थांबवू नकोस," म्हातारा बाकड्यावर टेकत म्हणाला. "बुटाची नाडी तेवढी सुटलीये."

नाडी मुळीच सुटली नव्हती. लेकीला ते दिसत होतं. गळ्यात अडकवलेलं घड्याळ तिने हळूच पालथं केलं. जंगलातल्या पायवाटेवरच्या पाट्या बदलायच्या होत्या, आणि पायथ्याच्या पाटीवरचं 'शिखर : २ तास १० मिनिटं' हे छत्तीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्यानेच चालून काढलेलं. तेव्हा वनखात्यात पाट्यांचं काम त्याच्याकडे होतं, आता लेकीकडे. या खेपेला खरं तर तिने चालायचं होतं. पण हा हटून बसला. माझी पाटी आहे, मीच चालणार, एक मिनिट जरी जास्त लागलं तर नाव बदलून ठेव माझं! निम्म्या वाटेवरचं हे बाकडं तेव्हा सव्वा तासात आलं होतं. आज किती लागले, हे विचारायची त्याची छाती होत नव्हती.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. अंगाने चांगली भरलेली, चेहरा लालबुंद, मांडीवर रुमालात बांधलेला पाव. आमची बेकरी आहे, दिवसभर भट्टीपुढे उभी असते, असं तिने कुणी न विचारताच सांगून टाकलं.

"तुम्ही वर जाणार?"

"जाणार म्हणजे काय, जाणारच!"

"मी इथूनच परत. तिसरं वर्ष हे. पानं लाल व्हायला लागली की येते, या बाकड्यापर्यंत पोचते आणि घड्याळ बघते. पाटीवरचे दोन तास दहा माझे इथेच संपतात." ती हसली, पण त्यात काही दम नव्हता. "वाटलं, छातीतच काही बिघाड असेल. जाऊन तपासून आले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात. मग म्हटलं, आपण डोंगराच्या लायकीच्याच नाही. दोन तासांच्या वाटेला जिला चार लागतात, तिने पुढे जाऊ नये, असंच ना त्या पाटीचं म्हणणं?"

म्हातारा नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"मला एकदा त्या माणसाला बघायचंय," बेकरीवाली म्हणाली. "तो दोन-दहावाला. कुणीतरी चाललाच असेल ना? कसा असेल हो? घाम येत असेल त्याला? पाणी प्यायला तरी थांबला असेल का?"

लेकीने ओठ दाबून झाडांकडे तोंड फिरवलं. म्हाताऱ्याचे कान तापले. त्या दिवसाची एक गोष्ट त्याने आजवर घरीसुद्धा सांगितली नव्हती.

"नव्हता थांबला," तो म्हणाला. "गाढव होता."

"ओळखता त्याला?"

"ऐकून आहे." तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि लेकीला म्हणाला, "घड्याळ शून्यावर आण."

"बाबा, तुमचा वेळ जाईल सगळा."

"जाऊ दे. यांच्या गळ्यात घाल ते. यांचे इथवरचे दोन-दहा, पुढचे आता मोजायचे. बाई, तुम्ही पुढे चाला. बसावंसं वाटलं तर बसा, पाणी प्या, पानं बघा. घड्याळाला फक्त हात लावायचा नाही."

बेकरीवालीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग वरच्या वाटेकडे. पाव काखोटीला मारून ती निघाली.

तिला प्रश्न फार. हेच झाड आधी का गळतं? हे बीळ कुणाचं? लाल पानात पिवळं पान कुठून आलं? म्हाताऱ्याला सगळी उत्तरं पाठ होती. उत्तर द्यायला थांबावं लागायचं, आणि थांबायला मिळतंय म्हणून तो उत्तरं जरा लांबवतच होता. पायाखाली पानांचा थर होता, चालताना चुरचुर वाजायचा.

शेवटचा उभा चढ आला. बेकरीवाली बरीच पुढे गेली होती, एका मुळावर बसून पाणी पीत होती. म्हातारा खालीच थांबला.

"इथून पळालो होतो मी," तो म्हणाला.

लेकीला आधी कळेचना. "काय?"

"त्या दिवशी. वर मोठे साहेब उभे होते. चाललो नाही, पळत सुटलो. वर पोचल्यावर ओकलो झाडामागे."

"बाबा! छत्तीस वर्षं?"

"हो." त्याला खरंच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

लेकीने हात पुढे केला. एरवी त्याने तो झिडकारला असता.

शिखरावर वारा होता. बेकरीवाली खाली पसरलेल्या जंगलाकडे आ वासून बघत होती. तिच्या गळ्यातल्या घड्याळात एक तास पंचवीस झाले होते. लेकीने बेरीज केली आणि वहीत लिहिलं : '३ तास ३५ मिनिटं'.

"हे काय?" बेकरीवालीने वहीत डोकावून विचारलं.

"नवी पाटी. पुढच्या महिन्यात लागेल."

"माझा वेळ? पाटीवर?" तिने आकडा पुन्हा वाचला. मग खाली बसून रुमाल सोडला, पावाचे तीन तुकडे केले आणि एकदम हात थांबवला. "अहो, पण मग त्या दोन-दहावाल्याचं काय?"

म्हातारा दगडावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. या वेळी बहाणा नव्हता.

"तो ना?" त्याने पावासाठी हात पुढे केला. "तो आत्ताच पोचलाय."