पाठीवरचा पाय

कंबर धरल्यामुळे आईला आठवडाभर मासळीच्या टोपलीपुढे बसवत नव्हतं. पूर्वी असं झालं की बाळकुमची शेवंतीआत्या तिच्या पाठीवर पाय फिरवायची. आत्या पायाळू होती, तिचा लगेच गुण यायचा. पण आता आत्या नाही. मग मीच मोबाईलमध्ये व्यायामाचं ॲप टाकलं. ते कॅमेऱ्यातून बघून चुका सांगतं, एकदम भारी.

आज आई सतरंजीवर पालथी झोपली. मी मोबाईल धरून लांब खिडकीपाशी उभी राहिले.

“पाठीवरचा पाय काढा,” ॲप म्हणालं.

मला हसूच आलं. “आई, हे येडं झालंय.”

“पाठीवरचा पाय काढा.”

आई डोळे मिटूनच सुखाने म्हणाली, “त्याला गप कर गं. तू पाय नको काढू, कंबर सुटतेय माझी.”