मैनेचं गुलाबी डोकं

“ही आपली मैना न्हाय. कुठून आणला हा?”

गोजरबाईंनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. सिल्लोडला लेकीचं बाळंतपण उरकून पाच महिन्यांनी त्या संभाजीनगरला परतल्या, त्या सुनेला काही विचारायच्या आधी पिंजऱ्यापाशी गेल्या. मैना हे नाव तेवढं; पक्षी पोपटच. खुलताबादच्या डोंगरातला, रानातल्या लहान जातीचा, राखाडी डोक्याचा. त्यांच्या नवऱ्यानं, सखारामांनी, परसाली पिल्लू असताना आणलेला. अंथरुणाला खिळल्यावर ते दिवसभर मैनेकडे बघत पडायचे, आणि तसंच बघता बघता गेले. आता पिंजऱ्यात बसलेल्याचं डोकं चांगलं गुलाबी होतं.

सून सरिता पिशवी घ्यायला पुढं झाली. आल्या आल्या ‘कुठून आणला’ हेच कसं सुचलं यांना? चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, शेजारणीनंच चुगली केली.

सासू सिल्लोडला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच मैना उडाली होती. पाणी बदलताना दार उघडं राहिलं, एवढंच. तीन दिवस सरिता रडत झाडं धुंडाळत फिरली. शेवटी बाजारात चोरून पक्षी विकणाऱ्याकडून अगदी तसाच, राखाडी डोक्याचा घेऊन आली. मग महिन्याभरापासून या मेल्याच्या डोक्यावर एकेक गुलाबी पीस उगवायला लागलं. तिला काही सुधरेना. रंग लावून फसवलं म्हणावं, तर रंग उतरायचा सोडून चढतच होता!

“तीच हाय, आत्याबाई,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

शेजारची श्रेया कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायची. गोजरबाईंनी तिला बोलावलं. ती बघून हसलीच. “आजी, हा नर आहे. या जातीत मादीचं डोकं कायम राखाडी. नराचंही वयात येईपर्यंत तसंच दिसतं, मग गुलाबी होतं. तुमची मैना राघू निघाली!”

गोजरबाई विरघळल्या. सुनेच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. “चुकलं माय माझं. उगंच तुझ्यावर आळ घेतला.”

सरिता सुटली होती. पण खोटं तिचं, आणि ते तरलं खऱ्याच्या जोरावर. हसावं की रडावं, कळेना. सासूची माया मात्र तिला सोसवेना. श्रेया गेली तशी ती एका दमात बोलून गेली, “आत्याबाई, मैना माझ्या हातून उडाली. हा म्या बाजारातून आणला.”

गोजरबाई पिंजऱ्यापाशी खाली टेकल्या.

“आल्या आल्या ‘कुठून आणला’ इचारलं, ते उगं न्हाय, सरे,” त्या हळूच म्हणाल्या. “तुझ्या मामंजींची मैना तर ते अंथरुणाला असतानाच उडाली व्हती. माझ्या हातून. तू उडवली ती म्या बाजारातून आणलेली.”