उघडा राहिलेला टॅग

ताईने पान उघडलं, कोडचा नमुना जिथे संपतो तिथला टॅग, म्हणजे 'कोड इथे संपला' असं सांगणारी खूण, हळूच पुसला आणि पान सेव्ह केलं.

खालचं सगळं फिसकटलं. शीर्षकं बारीक झाली, साधी वाक्यं कोडच्या करड्या चौकटीत जाऊन बसली. खरं तर तिचं काम नेमकं उलट होतं. एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधले, म्हणजे माहितीच्या पानांमधले, टॅग राखायचे, उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाय ना ते बघायचं, याचाच तिला पगार मिळत होता. कुंपणच शेत खात होतं म्हणा ना! पण ही खोडी ती फक्त कच्च्या प्रतीत करायची, लोकांसमोर जाणारी प्रत वेगळी असे. आणि करायची ती बाबांसाठी.

तिच्या आधी कितीतरी वर्षं ही पानं बाबांनी सांभाळली होती. स्वभावाने तापट, कामाला चोख. 'उघडलं ते बंद करायचं' हे त्यांचं पालुपद टॅगपासून घराच्या फाटकापर्यंत सगळ्यांना लागू होतं. निवृत्त झाल्यावरही ते घरबसल्या चुका हुडकून दुरुस्त्या पाठवायचे. मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग एकदा दुकानातून घरी यायची वाट.

मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला. "माझ्याच हातून राहिला," आई म्हणाली. दादाचा काही त्यावर विश्वास बसला नाही.

"आई त्यांना पाठीशी घालते," तो ताईला फोनवर म्हणाला. "उद्या घर पेटलं तर? मी एक चांगलं केंद्र बघून ठेवलंय. रात्रंदिवस माणसं असतात तिथे."

"अरे, बाबा अजून काम करतात. रोज दुरुस्ती येते त्यांची."

"टॅग बंद केला म्हणून गॅस बंद होतो का?"

"डोकं चालतंय हे तरी कळतं ना!"

बोलण्याने बोलणं वाढलं. शेवटी डॉक्टर सांगतील तसं करायचं, यावर दोघं थांबली. पण बाबांना आईजवळून उठवून कुठल्याशा अनोळखी पलंगावर झोपवायचं, हे ताईला पटत नव्हतं.

म्हणून ती रोज सकाळी एक चूक पेरून ठेवायची. दुपारपर्यंत दुरुस्ती यायची, बाबांच्या नावाने, नियमाप्रमाणे एका ओळीचं कारण जोडून. पूर्वी बाबा कारणातही फटकारायचे, 'हे लिहिताना झोपला होतात का?' आता तिथे नुसतं असायचं, 'राहिलं होतं. बंद केलं.' आजारपणाने माणूस मवाळ होतो, असं ताईला वाटे. बंद करायचा टॅगही ते हल्ली वेगळ्या ओळीवर ठेवत. नजर कमी झाली असेल, दुसरं काय. ती दुरुस्ती मंजूर करायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

फोन केला की आई म्हणायची, "कम्प्युटरपाशी बसलेत. मी आहे शेजारी. आत्ता नको बोलूस बाई, त्यांची तंद्री मोडते."

आज डॉक्टरांकडे जायचा दिवस होता. तरी सवयीने तिने सकाळी टॅग पुसलाच होता. बाबा परत आल्यावर बघतील, असं म्हणून ती त्यांना आणायला निघाली. आईचे गुडघे धरले होते. तिने दारातच बाबांच्या शर्टाची बटणं लावून दिली आणि ती घरी थांबली.

दादा दवाखान्यात आधीच येऊन बसला होता.

"आजोबा, काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबांनी बराच वेळ विचार केला. "उघडलेलं बंद करतो."

"वा! आणि आज वार कोणता?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली. दादाने काही बोलायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. स्वतः पेरलेल्या चुकाही सांगितल्या.

"कोणी न दाखवता चूक शोधतात? दुरुस्त करून कारणही लिहितात?"

"रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग इतक्यात नका हलवू त्यांना. ओळखीचं घर आणि ओळखीचं काम, याच्यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही. मात्र ते काम थांबलं तर उशीर करू नका. लगेच या."

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. दादा वाकून बाबांच्या बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला.

"मी त्यांना मोडीतच काढलं होतं गं," तो म्हणाला. "फार वाईट वाटतंय."

"जाऊ दे. काळजीपोटीच बोलत होतास ना?"

"दाखव तरी मला, काय करतात ते."

ताईला हसू आलं, रडूही आलं. एका हातात बाबांचा हात तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने फोन काढला. आजची चूक अजून तशीच असणार, म्हणून ती कालची दुरुस्ती शोधायला लागली.

पण सगळ्यात वर आजचीच होती. बाबांच्या नावाने, आत्ता, ते आत डॉक्टरांसमोर बसलेले असताना आलेली.

घरी आई एकटीच होती.