बाबांचा फोटो

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या थोरल्याने धाकट्याला आधी शेजारी स्टूल दिलं, मग अर्धं टेबल. लग्नानंतर धाकट्याने दुकानात मधोमध भिंत मागितली, तीही थोरल्याने घालून दिली.

"आता तरी झालं ना मनासारखं?"

"बाबांचा फोटो तेवढा दे, दादा. तुझ्याकडे नुसता धूळ खातोय."

थोरल्याने फोटो उतरवला, बाहीने पुसला आणि पलीकडे जाऊन स्वतःच खिळा ठोकून लावून दिला.

आठवड्याभराने धाकट्याच्या दारावर नवी पाटी लागली, तिच्यावर बाबांचा तोच फोटो छापलेला. थोरल्याने डोळ्यावरचं भिंग काढून खालची ओळ वाचली.


"मूळ दुकान हेच. शेजारच्या दुकानाशी आमचा कसलाही संबंध नाही."