पार्ट अजून आला नाही

"पार्ट अजून आला नाही, मॅडम. उद्या परत चौकशी करतो."

सिस्टरने पर्स काउंटरवर आपटली. बारा तासांची ड्युटी संपवून ती वॉर्डातून थेट गाडीच्या सर्व्हिस सेंटरला आली होती, अंगात अजून युनिफॉर्मच होता.

"तुमचा हा उद्या कॅलेंडरात कुठे येतो, ते एकदा दाखवा मला. अकरा आठवडे झाले!"

सुपरवायझर खाली मान घालून कॉम्प्युटरकडे बघत राहिला. सिस्टरच्या घरात त्याचं नावच उद्यासाहेब पडलं होतं.

गाडी घेतली त्याला शनिवारी तीन वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्याच दिवशी वॉरंटीही संपणार होती. तिसरा गिअर टाकला की खाडकन आवाज व्हायचा आणि गाडी झटका द्यायची. पहिल्यांदा दाखवली तेव्हा कागदावर लिहून मिळालं, 'दोष आढळला नाही.' दुसऱ्यांदा इथलाच कोणीतरी म्हणाला, चालवणाऱ्याची सवय असेल.

त्या दिवशी सिस्टरचा पारा चढला होता. "माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं बस चालवली आहे. कोंबडीलासुद्धा कधी धक्का लागला नाही. आणि तुम्ही त्यांना गिअर टाकायला शिकवता?"

तिसऱ्या खेपेला गिअरबॉक्स खराब असल्याचं त्यांनी एकदाचं कबूल केलं आणि गाडी ठेवून घेतली. तेव्हापासून हा पार्ट वाटेतच होता.

सिस्टरला गाडी चालवता येत नव्हती. वडील घरात असताना शिकायची कधी गरजच पडली नव्हती. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. छोटीला शाळेतून आणायचं काम आजोबांचं. आता ते दोघं भर उन्हात अर्धा तास चालत यायचे. परवा छोटी घरी आली ती टाचेला फोड घेऊन.

"असू दे गं," बाबा म्हणाले होते. "चालल्याने पाय मोकळे होतात."

सिस्टरला त्याचाच जास्त राग आला होता. युनियनच्या सभेत टेबल बडवणारा हा माणूस, आणि या लोकांपुढे ब्र काढत नव्हता. "तुम्ही असे गरीब गाय होऊन बसता, म्हणून हे आपल्या डोक्यावर मिरे वाटतात," ती म्हणाली होती. बाबा उठून छोटीच्या टाचेला मलम लावायला गेले होते.

आता तिने पर्समधून लिफाफा काढला.

"वकिलाची नोटीस आहे. वाचा. शनिवारनंतर वॉरंटी संपली म्हणून हात वर करायचा तुमचा बेत मला कळत नाही, असं समजू नका."

सुपरवायझरने नोटीस वाचली. त्याने ती पुन्हा वाचली.

"मॅडम, दोन दिवस द्या. मी काकांशी बोलतो."

"बाबांशी कशाला? नोटीस मी दिली आहे, माझ्याशी बोला. आणि आधी मला गाडी दाखवा."

"शेडमध्ये ग्राहकांना सोडत नाहीत."

"अडवून बघा."

ती काउंटरला वळसा घालून आत शिरली. तेलाचा वास, वर उचललेल्या गाड्या, पान्यांचा खणखणाट. कोणी तिला अडवलं नाही. अगदी मागच्या भिंतीशी तिची गाडी उभी होती. धुतलेली, टायरमध्ये हवा भरलेली. शेजारी एक मेकॅनिक हात पुसत होता.

"हिचा गिअरबॉक्स कधी बसवणार?" तिने विचारलं.

"हिचा? तो कधीच बसवला की," मेकॅनिक म्हणाला. "गाडी आली, त्याच्या आठवड्याभरात. बॅटरी उतरू नये म्हणून मी अधूनमधून चक्कर मारून आणतो. लोण्यासारखी चालते."

मागून धावत आलेला सुपरवायझर जागीच थांबला.

सिस्टर वळली. तिचा आवाज शेडभर घुमला.

"दहा आठवडे! दहा आठवडे तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात? माझे म्हातारे वडील उन्हात पायपीट करताहेत, पोरीच्या पायाला फोड आलेत, मी हातापाया पडून ड्युट्या बदलून घेते आहे, आणि गाडी इथे नवरीसारखी सजून उभी? कोण फिरवत होतं ही? भाड्याने देत होता की काय?"

पान्यांचे आवाज थांबले. बाहेरची गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तसं नाही," सुपरवायझर हळूच म्हणाला. मॅडमची ताई कधी झाली, हे त्यालाही कळलं नसावं.

"मग कसं? सांगा ना सगळ्यांसमोर!"

त्याने दारातल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ती आणखी पेटली. तिने फोन काढला.

"नका सांगू. मी बाबांनाच बोलावते. आत्ता, या क्षणी ते येऊन गाडी घेऊन जातील."

"काकांना नका बोलावू," तो म्हणाला. "प्लीज."

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. बाबांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला.

"बाबा, गाडी तयार आहे. दहा आठवड्यांपासून! पार्टबिर्ट सगळं खोटं होतं. चक्क फसवलं आपल्याला. तुम्ही ताबडतोब या आणि गाडी घेऊन चला. या माणसाची नोकरी घालवल्याशिवाय मी राहणार नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा? ऐकताय ना?"

"त्याला ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "पार्ट आला नाही असं सांगत राहा, म्हणून मीच त्याच्यापुढे हात जोडले होते. गाडी तिथे नेऊन दिली ना, त्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आपली छोटी गाडीच्या अगदी पुढ्यात उभी होती गं. लोक ओरडले म्हणून ब्रेक दाबला. मला ती दिसलीच नाही."