आवाज जुळत नाहीत

‘दूध संपल्याचे आपणांस सविनय कळविण्यात येत आहे,’ असा निरोप फोनवर आला आणि लेक स्टुडिओत एकटीच हसत सुटली.

आईनं नुसतं ‘दूध’ एवढंच लिहिलं असणार. बाकीचा थाट मदतनिसाचा. हा मदतनीस लेकीनंच घडवला होता. तिच्या छोट्याशा कंपनीत असे दोन तयार होत होते. एक फोनवरचे निरोप लिहून देणारा. दुसरा ध्वनिमुद्रणवाल्यांसाठी, खरखर काढणारा, कुठला आवाज कुणाचा ते ओळखणारा. घशाच्या शस्त्रक्रियेत आईचा आवाज कायमचा गेला, तेव्हापासून या दोघांची सांगड घालायची असं लेकीच्या मनात घोळत होतं. आईनं लिहावं आणि फोननं ते आईच्या आवाजात बोलावं.

आधी तिनं निरोप्याला आईसारखं बोलायला शिकवलं. आईचं बोलणं म्हणजे निम्मं काम, निम्मा टोमणा. काही दिवसांनी निरोप यायला लागले, ‘दूध आण. विसरलीस तर कोरा चहा पी आणि गप्प बस.’ अगदी आई! फक्त आवाज तेवढा नव्हता.

तो आणायचा कुठून? आईला स्वतःचा आवाज कुठे ठेवून द्यायची सवयच नव्हती. लेकीच्या फोनमध्ये तिचा एकच जुना निरोप उरला होता. “पोचले. ठेवते.”

मग माळा आवरताना, जुन्या स्वेटरच्या घडीत कॅसेट सापडली.

कुणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवून विसरलं असावं. एक बाई तान्ह्या मुलीला न्हाऊ घालत होती. पाण्याचा आवाज, तांब्याची किणकिण आणि मध्येच फुटणारं रडं. “झालं गं झालं, एवढी का रागावलीस? बघ, कान राहिला की धुवायचा.” मग गुणगुणणं. मग पुन्हा गप्पा, जणू त्या तान्ह्या जिवाला सगळं समजत होतं. लेक कानांना हेडफोन लावून बसून राहिली. पाण्याच्या तळाशी निजून वरचा उजेड बघावा तसं तिला वाटत होतं.

“आई, कॅसेट सापडली गं,” ती घरी गेल्या गेल्या म्हणाली. “केवढं भोकाड पसरायचे मी! आणि तू गायचीस? कधी बोलली नाहीस ते.”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. तिनं फोन उचलला, काहीतरी लिहिलं, पुसून टाकलं. मग लेकीच्या गालावर हलकेच चापट मारून पुन्हा घड्या घालायला लागली.

लाजली, लेकीला वाटलं.

दुसऱ्या मदतनिसानं मात्र खोडा घातला. कॅसेट आणि ‘पोचले, ठेवते’ शेजारी शेजारी ठेवून त्यानं सांगितलं, “आवाज जुळत नाहीत. या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात.”

लेक वैतागली. स्टुडिओत एक जुने ध्वनिमुद्रक होते, सगळे त्यांना कानसेन म्हणत. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं.

“अहो, जुन्या कॅसेटची फीत ताणली की आवाज बदलतो,” ते म्हणाले. “शिवाय माणसाचा आवाज तरुणपणी एक, म्हातारपणी एक. यंत्राला काय कळतंय त्यातलं?” हेडफोन काढताना ते जरा रेंगाळले. “गोड आहे हो. आई नशीबवान, का तुम्ही, कुणास ठाऊक.”

“आम्ही दोघी,” लेक म्हणाली आणि मदतनिसाला बजावलं, जुळणी तपासू नकोस, कॅसेटवरचाच आवाज धर.

त्यानं मुकाट्यानं ऐकलं.

पुढचे दिवस तंद्रीत गेले. त्या मऊ भिंतींच्या खोलीत, जिथे स्वतःचा श्वासही परका वाटतो, खरखरीच्या धुक्यातून तो आवाज हळूहळू पुढे येत गेला. एक दिवस तो पूर्ण वाक्य बोलला. मग लेकीला चाळाच लागला. ती उगाच काहीबाही लिहायची आणि डोळे मिटून ऐकायची. ‘जेवलीस का गं?’ ‘किती उशीर, ये आता.’ काम संपलं होतं, तरी तिथून उठवत नव्हतं.

सुट्टीच्या दुपारी तिनं आईच्या हातात फोन दिला. पडद्यातून गाळलेला उजेड आईच्या मांडीवर सांडला होता.

“लिही काहीतरी. आता तू बोलणार आहेस.”

आईनं संशयानं फोनकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘पंखा’.

“पंखा कमी कर गं,” फोन बोलला, “डोक्यावर भिरभिरतोय मेला.”

आईचा हात तोंडावर गेला. तिनं तेच पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

“बघ!” लेक हसत होती, रडत होती. “आला की नाही तुझा आवाज परत?”

आईनं तिला ओढून घेतलं आणि लहान मुलीसारखं तिचं डोकं मांडीवर ठेवलं. एका हातानं ती केस कुरवाळत राहिली, दुसऱ्या हातानं लिहीत राहिली. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मदतनीस सुचवत होता तो एकही शब्द तिनं घेतला नाही.

मग लेकीच्या डोक्यावरून तो गोड, निवांत आवाज आला.

“हा माझा आवाज नाही, बाळा. ही माझी ताई. तुझी आई.”