खालच्या काकांची काठी

तिचं शिलाई मशीन सुरू झालं, की खालचे काका काठीने छत बडवायचे. म्हाताऱ्याला एकदा चांगलं सुनावायचं, असं तिने कितीदा तरी ठरवलं होतं.

त्यातच घरमालकाने भाडं एकदम दीडपट केलं. "नसेल परवडत तर सोड बाई, घ्यायला रांग लागलीय." ते काही खोटं नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून एजंट माणसं घेऊन यायला लागला. मशीन बंद करून ती बिचारी तोंड पाडून कोपऱ्यात उभी राहायची. पण माणसं आत आली रे आली, की खालून धाडधाड सुरू! "खाली कोण राहतं हो?" असं विचारत जो तो काढता पाय घ्यायचा. शेवटी मालकच वैतागला आणि जुन्या भाड्यावर आला.

काकांना तेवढाच आराम, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मशीनला हातच लावला नाही. तरी दुपारी खालून काठी वाजलीच. ती धावत खाली गेली.

"अहो काका, आज तर मशीन बंद आहे!"

"म्हणून तर ठोकलं," काका म्हणाले. "सकाळपासून आवाज नाही. बरी आहेस ना गं?"